नन्नाचा मान

आत्या : म्हणजे मी नेमकं काय बोलायचं तुमच्या लोकांसमोर?

भाची : तिसऱ्यांदा सांगतेय, आत्या. कंपन्यांनी पर्यावरणाचं काम करताना चळवळीकडून काय शिकावं. वीस मिनिटं. दोन किस्से सांग, एखादी घोषणा दे. मग साहेब बटण दाबतील आणि आमच्या लाँड्रीचं गाळलेलं पाणी मागच्या भाजीच्या वाफ्यांना सुटेल.

आत्या : मग तू सारखा घाम का पुसतेस?

भाची : योजना माझी आहे ना. तीस घरं ती भाजी खातात. नोकरी गेली तर दुसरी मिळेल गं, पण कुणाच्या पोटात काही गेलं तर?

आत्या : जाईल असं वाटतंय?

भाची : नाही. योजनेच्या बाजूने बेचाळीस कामगारांनी हात वर केले. गाळणीच्या चाचणीचे आठ महिन्यांचे तक्ते आहेत, सगळीकडे 'हो'. एकसुद्धा 'नाही' नाही.

आत्या : अगं बाई. आता मलाच घाम फुटेल.

भाची : तुला ना, सरळ चाललेलं बघवतच नाही.

आत्या : आमच्या चळवळीच्या बैठकीत दर वेळी एकीला नन्नाचा मान असायचा. पटो न पटो, तिने विरोध करायचाच. ती बोलल्याशिवाय ठराव पास नाही.

भाची : बायका भांडत असतील.

आत्या : भांडायच्या कशाला? मान तिचा, राग कुणाचाच नाही. एकदा मान माझा होता. सगळ्या रंगात आल्या होत्या, म्हटलं कशाला विरजण घाला. 'माझं काही म्हणणं नाही' एवढं बोलून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी आम्ही कारखान्याचं फाटक अडवलं. आत एकाचा हात मशीनमध्ये सापडला होता. त्याला दवाखान्यात नेणारी गाडी बाहेर पडायला अर्धा तास लागला. फाटक एकच आहे, हे मला माहीत होतं गं.

भाची : हे तू कधी सांगितलं नाहीस.

आत्या : सांगण्यासारखं आहे का ते?

(गाळणीवर काम करणारे काका माईक घेऊन येतात.)

गाळणीवाले : मॅडम, माईक. खाली सगळे बसलेत.

आत्या : भाऊ, थांबा जरा. समजा, या योजनेला विरोध करायचं काम आज तुमच्यावर आलं. मनातलं नका सांगू. नुसतं काम म्हणून बोला.

गाळणीवाले : मी कशाला? मी तर हात वर केला होता.

भाची : बोला काका. मी रागावणार नाही.

गाळणीवाले : काम म्हणून हं. मग मी म्हणेन, सोमवारचं काय? शनिवार-रविवारच्या हॉटेलांच्या चादरी येतात, दुप्पट. गाळणी तुंबते. टाकी वर येते, म्हणून मी बाजूच्या नळाचं चाक उघडतो. पाणी न गाळता तसंच पुढे जातं, ब्लीचसकट.

भाची : तक्त्यात तर 'हो' आहे.

गाळणीवाले : तक्ता विचारतो, गाळणी चालू आहे का? चालू असतेच की.

भाची : आणि पाण्याचे नमुने?

गाळणीवाले : ते गुरुवारी नेतात.

भाची : काका, मला का नाही सांगितलंत?

गाळणीवाले : तुम्ही इतक्या खुशीत असायच्या. आणि पोटावर पाय कोण आणून घेईल?

भाची : आज सोमवार आहे.

गाळणीवाले : हो.

भाची : ठीक आहे. बटण अजून दाबलेलं नाही. मी साहेबांना आत्ताच सांगते.

गाळणीवाले : मॅडम, बटण नुसतं दाखवायला आहे. ऐन वेळी फजिती नको म्हणून साहेबांनी सकाळीच पाणी सोडायला लावलं.

भाची : सकाळपासून? वाफ्यांत कोण आहे आता?

गाळणीवाले : बायका भाजी काढतायत. साहेबांना टोपली द्यायची आहे.

आत्या : मी जाते त्यांच्याकडे. काढलेली भाजी बाजूला ठेवायला सांगते. भाषणाचं राहू दे.

भाची : काका, पाणी बंद करा. लगेच.

गाळणीवाले : साहेबांनी बजावलंय, वाफ्यांच्या पाण्याच्या चाकाला कुणी हात लावायचा नाही.

भाची : मी लिहून देते. माझी सही घ्या.

गाळणीवाले : सही नको, मॅडम. चाक फिरवताना तुम्ही माझ्या शेजारी उभ्या राहा.