लाल शाईतला 'द'

नाही हो मॅडम, भाच्यानं नाही — ते मगाशी मी घाईत बोलले, मला भाचा नाहीच. लहान मूल कुठं इतकं सुबक लिहितं? बघा ना, दोन शब्दांच्या मध्ये खाली छोटं टोक, वर लाल शाईत इंग्रजी 'द', आणि समासात तारखेसकट सही. वडिलांनी केलंय. माझ्या. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलं त्यांनी, आता निवृत्त आहेत — म्हणजे शाळेतून, घरात तास चालूच असतो. औषधाच्या खोक्यावरचं वाचतात आणि म्हणतात, इथं 'अ' हवा होता. शेजाऱ्यांनी दिलेली लग्नपत्रिका दुरुस्त करून परत पाठवली त्यांनी. मग पदवीचा कागद सोडतील? 'अ‍ॅडमिटेड टू डिग्री' असं छापलंय तुम्ही. कुठली डिग्री? ही, ठरलेली, एकच — मग आधी 'द' नको? बरोबर आहे का? असेल हो बरोबर, या बाबतीत ते चुकतच नाहीत, हाच तर छळ आहे. पण उद्या सकाळी दहाला नोकरीसाठी माझी कागदपत्रं तपासणार आहेत, आणि खाडाखोड असलेलं प्रमाणपत्र चालत नाही.

म्हणून दुसरी प्रत हवीय, आजच. हो, अर्ज भरलाय. अडलंय ते या निवेदनावर — ज्यानं खराब केलं त्यानं लिहून द्यायचं, 'माझ्या हातून चुकून झालं'. ते सही करत नाहीत. सकाळपासून बाहेर बाकावर बसलेत, छत्री मांडीवर घेऊन, आणि शांतपणे म्हणतायत, "चुकून कसं, बाळ? चूक यांची आहे. मी खोटं कसं लिहून देऊ?" बाळ म्हणतात, वर! रागावून झालं, रडून झालं, अबोला धरून झाला. बरोबर असण्यात या माणसांना एवढं काय मिळतं, देव जाणे.

प्लास्टिकमध्ये का नाही ठेवलं? ठेवलं होतं. मीच काढून दिलं. पेनही मीच दिलं, त्यांचं नेहमीचं लाल, त्यांनी मागितलं म्हणून. म्हणजे कसं — सहावीत मी त्यांच्याच वर्गात होते. माझ्या निबंधात 'अ' आणि 'द'च्या चुकांना एकोणीस गोळे केले त्यांनी आणि वही वर्गभर फिरवली. त्यानंतर त्यांना काही दाखवलंच नाही मी. हे दाखवलं. इंग्रजीतच पदवी घेतली ना. वाटलं, पेन मागतायत म्हणजे मागच्या बाजूला काहीतरी लिहितील. दोन शब्द. मी त्यांचा चष्मासुद्धा पुसून दिला.

जाऊ दे ते. नको, त्यांना आत बोलावू नका, ते तुम्हालाच शिकवत बसतील. असं करा, तो कागद इकडे द्या, मी बाहेर जाऊन येते, सही होऊन येईल. कुणाची म्हणजे? त्यांचीच. अगदी तश्शी येते मला, प्रगतिपुस्तकावर तीन वर्षं मीच तर — मॅडम, हे तुम्ही ऐकलं नाहीत. कागद का ठेवून घेताय? अहो, पाच वाजायला अजून वीस मिनिटं आहेत, खिडकी का —