हलू नका, पिल्लं उठायची आहेत!

...नाही, पण मी म्हणतो, एवढी लाल दोरी बांधलीय, ती माणसाला दिसू नये? अहो काका, तो पाय! तो पाय खाली नका... टेकवलात? टेकवलात ना? बरं, मग आता तिथेच राहू द्या. हलू नका! काकू, तुम्हीसुद्धा. आणि ते निळ्या टोपीवाले, तुम्ही पळत होतात ना? झालं पळून. आता उभे राहा. कुणीच हलू नका!

घाबरू नका हो, साप नाही की सुरुंग नाही. पिल्लं आहेत. तीन. चिखल्या म्हणतात त्या पक्ष्याला. मुठीत मावेल एवढा जीव, वाळूच्या रंगाचा, गळ्यात अर्धीच काळी पट्टी. त्याची पिल्लं पहाटे अंड्यांतून निघाली आणि दोन तासांत चालायला लागली. आमचा नातू चौदा महिने घेऊन बसला होता, ते सोडा! तर ती तिघं या दोरीच्या आत हुंदडत होती, तेवढ्यात तुम्ही आलात, आणि त्यांची आई ओरडली. ती बघा, ऐकू येतंय ना, पिट-पिट-पिट? ती ओरडली की पिल्लं असतील तिथे खाली बसतात आणि दगड होतात. म्हणजे तुमच्या चार-सहा पायांच्या मधे कुठेतरी तीन दगड जिवंत आहेत, आणि बाकीचे हजारभर साधे आहेत. कुठला कोण, तुम्हाला कळत नाही, मला कळत नाही. आई गप्प झाली की ती आपण होऊन उठतील. तोपर्यंत हलू नका!

बोललं तर चालतं. हळू आवाजात बोललेलं तिला चालतं, हललेलं चालत नाही. हे माझं मत नाही, आमच्या हिचं. ही कोण? ती काय, तुमच्या मागे, तिसऱ्या मजल्यावर, हिरव्या पडद्याची गॅलरी... नका बघू! मान हलते! मी सांगतो ना, तिथे माझी बायको बसलीय. पायाला प्लास्टर, डोळ्याला दुर्बीण, कानाला फोन. शाळेत जीवशास्त्र शिकवायची, आता मला शिकवते. तुम्हाला वाटेल पक्षी बघतेय. पक्षी नाही हो, मला बघतेय!

तुम्हाला सांगतो, मी एकतीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होतो. एकतीस वर्षं एकच वाक्य बोललो, "पुढे सरका, पुढे सरका!" झोपेतसुद्धा म्हणायचो म्हणे. एकदा लग्नाच्या जेवणाला रांगेत उभा होतो, तर पुढच्याला म्हणालो. तो नवरामुलगा निघाला! म्हणजे ज्या माणसाचा सगळा जन्म लोकांना हलवण्यात गेला, त्या माणसाला निवृत्तीनंतर नोकरी काय, तर न हलण्याची! मी घरात पेपर वाचतो तोसुद्धा फेऱ्या मारत वाचतो. हजामतीला बसलो की आमचा न्हावी कात्री खाली ठेवतो आणि म्हणतो, "काका, एक तर तुम्ही थांबा, नाहीतर कान घरी ठेवून येत जा." हा माणूस त्यांनी निवडला. का? तर दुसरं कुणी मोकळं नव्हतं.

तर झालं काय... काकू, पदर सांभाळा, वारा आहे... झालं काय, की ही पंधरा वर्षं या किनाऱ्यावरच्या पक्ष्यांची वही लिहितेय. पूर्वी म्हणे चिखल्यांच्या बारा-बारा जोड्या असायच्या इथे. यंदा एक. एकच! गेल्या वर्षी त्यांची अंडी कुत्र्यांनी खाल्ली, त्याआधी ट्रॅक्टरखाली गेली. आणि यंदा इथे गाड्या लावायचा तळ व्हायचाय. रोलर येऊन उभासुद्धा राहिला. हिने अर्जांवर अर्ज केले, तेव्हा पर्यावरण खात्याचे साहेब म्हणाले, "मॅडम, गुरुवारी नऊ वाजता मी येतो. मला चालू घरटं दाखवा, पक्षी अंड्यांवर बसलेला दाखवा. मी जागेवर काम थांबवतो. नाही दाखवलंत तर दहा वाजता रोलर फिरला म्हणून समजा." आता दाखवायचं म्हणजे गुरुवारपर्यंत अंडी शिल्लक हवीत ना? आणि सोमवारी ही बंधाऱ्यावरून मागे मागे सरकत दुर्बिणीत बघत होती... मागे! बसमध्ये एवढ्या वर्षांत मी कुणाला मागे सरका म्हटलं नाही, ते यासाठीच. पडली. घोटा मोडला.

त्या रात्री प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून ती म्हणाली, "अहो, यंदा हेही गेलं ना, तर ती जोडी परत यायची नाही." आणि तोंड फिरवलं. पंधरा वर्षं ही बाई एकटी या उन्हात येऊन बसायची, आणि मी काय म्हणायचो? म्हणायचो, बायकोला घर खायला उठतं. घर कसलं खातंय, मी ड्यूटीवर असायचो! मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू, की तोंडातून निघून गेलं, "मी बसतो." पुढच्या क्षणी पस्तावलो, पण तोवर तिने वहीत लिहून टाकलं होतं.

मग सूचना! जुन्या चादरीचा आडोसा, त्यामागे स्टूल, कानात फोनची वायर. कुत्री हाकलायची, कावळे हाकलायचे, पण हलायचं नाही. मी म्हटलं, "अगं, न हलता कुत्रं हाकलायचं कसं?" तर म्हणते, "डोळे वटारून." डोळे वटारून! एकतीस वर्षं फुकट्या प्रवाशांवर डोळे वटारले, एक कधी उतरला नाही, तिथे कुत्रं काय ऐकणार?

मंगळवार काढला, बुधवार काढला. कानात सतत ही. "खांदा हलला." "डावा गुडघा." "खाजवलंत ना आत्ता?" अरे! गुरुवारी सकाळी साडेआठला माझ्या उजव्या पायाला अशा मुंग्या आल्या, अशा मुंग्या आल्या, की तो पाय माझा आहे की स्टुलाचा हेच कळेना. कानात हिचं चालूच, "अर्धाच तास राहिलाय, हलू नका, हलू नका, हलू नका," आणि माझं डोकं फिरलं. वायर ओढली, खिशात कोंबली आणि उठलो. सरळ उभा! काय सुख आहे हो नुसतं उभं राहण्यात, तुम्हाला आत्ता नाही कळायचं.

आणि अंड्यांवरची ती पक्षीण उडाली. उडाली ती पाच पावलांवर पडली. एक पंख पसरलेला, दुसरा वाकडा, वाळूत फरफटतेय, केविलवाणी ओरडतेय. म्हटलं, मेलो, मी उठलो तो चादरीची काठी हिला लागली, पंख मोडला! घरात एक पाय मोडलेली, इथे एक पंख मोडलेली, आणि दोन्हीकडे जबाबदार मीच! टोपी काढली आणि धरायला धावलो. ती चार पावलं फरफटत पुढे. मी मागे. ती पुढे. म्हणजे बघा, एकतीस वर्षं मी लोकांना पुढे सरकवलं आणि या बोटभर पक्ष्याने मला पार त्या नारिंगी होडीपर्यंत सरकवत नेलं. तिथे पोचलो, टोपी टाकणार, तर बाईसाहेब दोन्ही पंख ठणठणीत पसरून भुर्रकन वर! नाटक हो, नाटक! अंड्यांपासून लांब न्यायला करते ती. आमची ही तेव्हा गॅलरीतून फोनवर हेच किंचाळत होती, "मागे जाऊ नका, ती फसवतेय तुम्हाला!" कुणाला ऐकू येणार? माझ्या खिशाला!

मागे वळून बघतो तर साहेब वेळेआधीच आलेले. बरोबर कंत्राटदार, रोलरवाला, आणि तिघं माझ्याकडे बघतायत. साहेब म्हणाले, "हे काय चाललंय? टोपीने पक्षी पकडताय?" कंत्राटदार नुसता हसला. "साहेब, हे बघा तुमचे पक्षी वाचवणारे!" मी म्हटलं, "साहेब, चला, घरटं दाखवतो," आणि तरातरा पुढे झालो. आणि मग... चादर! चादर वाऱ्याने उडून बंधाऱ्यावर जाऊन पडलेली. स्टूल आडवं. ही दोरी तेव्हा नव्हती, घरट्याची खूणच गेली. घरटं म्हणजे काही काड्या-बिड्या नसतात हो याचं, वाळूत अंगठ्याने दाबल्यासारखा एक खळगा, त्यात खडीसारखी तीन अंडी. आणि आम्ही चौघं त्या खडीच्या ऐन मध्यात. कुठल्या पायाखाली काय, देव जाणे!

साहेब म्हणाले, "कुठाय?" आणि पाऊल उचललं. तुम्हाला सांगतो, मी जो ओरडलो! इतक्या वर्षांची सवय, तोंडात आलं होतं "पुढे स..." तेवढंच! जीभ चावली आणि ओरडलो, "हलू नका!" एवढा मोठा साहेब, एक पाय वर धरून, रोलरवाल्याच्या खांद्याला टेकून उभा. रोलरवाल्याची तपकीर चिमटीत तशीच. कंत्राटदार म्हणाला, "अहो, मला दहाला दुसरीकडे..." मी म्हटलं, "मला मंगळवारपासून दुसरीकडे जायचंय! हलू नका!"

वीस मिनिटं. वीस मिनिटं आम्ही चौघं उभे. माझ्या दोन्ही पायांत गोळे, नाकावर माशी, आणि मी हललो नाही. पहिल्यांदा जन्मात हललो नाही, कारण मला कळत होतं, ही पक्षीण आता नाही आली तर वर गॅलरीत जी बसलीय तिचं तोंड मला बघवणार नाही. आणि मग आली. तुरुतुरु पळाली, थांबली. परत पळाली, थांबली. माझ्या बाजूने गेली, कंत्राटदाराच्या बाजूने गेली, आणि जाऊन बसली कुठे, तर साहेबांनी ज्या जागेवर पाय ठेवायला उचलला होता ना, बरोबर तिथे! त्यांच्या बुटाच्या सावलीत! साहेबांनी तो पाय सावकाश, अगदी सावकाश मागे नेला, खिशातला कागद काढला आणि रोलरवाल्याच्या पाठीवर ठेवून काम बंदचा आदेश तिथल्या तिथे लिहिला. कुजबुजत म्हणाले, "तुम्ही फार स्थिर माणूस आहात हो. पिल्लं होईपर्यंत राखणीला तुमचंच नाव घालतो." स्थिर! मी! हिला फोनवर सांगितलं तर हसता हसता रडायलाच लागली. नंतर म्हणाली, "वायर काढलीत त्याचं घरी आल्यावर बोलू." अजून बोलतेय.

...शू! ऐकलंत? गप्प झाली. आई गप्प झाली! आता खाली बघा, फक्त डोळ्यांनी. तो... काका, तुमच्या काठीपाशी, तो दगड उठला! बघा, बघा, कापसाच्या बोंडाला पाय फुटल्यासारखं! आणि दुसरं टोपीवाल्यांच्या मागून... निघाली आईकडे! पुढे सरका रे बाळांनो, पुढे सरका... दोन झाली. तिसरं? तिसरं कुठाय? कुणीही हलू नका... तिसरं कुठाय हो?

...सापडलं. जा तुम्ही. आलात त्याच पावलांवरून, सावकाश, आणि दोरीबाहेर पडलात की खुशाल पळा. मी? मी कसला येतोय! माझ्या चपलेवर चढून बसलंय ते, पायजम्याची सावली मिळालीय त्याला. आणि हा फोन... हो गं, दिसतंय मला... हो, नाही हलत... पण किती वेळ?

ऐकलंत काय म्हणाली? "झोपलंय हो ते. हलू नका. महिन्याभरात उडायला लागेल."