नेहमीचा चहा

अरे, सी प्लस प्लसचे टेम्प्लेट मला सरांनी न्हाई, बिदरला अण्णाच्या हॉटेलात माझ्या वर्गातल्या इक्बालनं शिकवले. आम्ही रोज तिथंच बसायचो.

इक्बाल म्हणाला, “नुसतं ‘चहा’ म्हटलं की अण्णा नेहमीचं आणतोय: तुझा गोड, माझा बिनसाखरेचा. वेगळं पाहिजे तरच सांगायचं. टेम्प्लेटच्या फंक्शनचंबी तसंच: वेगळं सांगितलं न्हाई तर आधी ठरलेलंच घेतंय. अन् ‘चहात कांदा टाक’ म्हटलास तर अण्णा स्टो पेटवायच्या आधीच ओरडतोय. कोड तपासणारा कंपायलरबी प्रोग्राम चालायच्या आधीच ओरडतोय.”

परवा बंगळूरहून गावी आलो, तिथं एकटाच जाऊन बसलो. म्हटलं, “अण्णा, चहा.”

त्यानं दोन आणले. एक बिनसाखरेचा.

“अण्णा, इक्बाल दुबईला जाऊन किती वर्षं झाली!”

“तू कुठं काय वेगळं सांगितलास? मग नेहमीचंच आणलो.”