अठ्ठावीस मिनिटांची मूक प्रार्थना

अंबरीष : पण काका, दोन मिनिटांत कीर्तन बसायचं कसं? भात्यात हवा भरेपर्यंतच माझी पेटी अर्धं मिनिट खाते.

जगदीश : दोन मिनिटं नाहीत. अर्धा तास धर. रंगलं तर जरा जास्त.

अनुराधा : पप्पा, पत्रिका छापून आलीय. अंबरीष, तूच बघ. उद्या सकाळी साडेदहा, ग्योतोकुच्या आमच्या चर्चची शेवटची उपासना. आणि इथं खाली, 'प्रार्थना : रेव्हरंड जगदीश सातपुते, दोन मिनिटं.' एक वाजता जागेची किल्ली परत द्यायचीय.

अंबरीष : आणि त्याच्या खालचं हे अठ्ठावीस मिनिटांचं काय आहे?

अनुराधा : मूक प्रार्थना.

अंबरीष : अठ्ठावीस? आमच्या ऑफिसात दोन मिनिटं शांतता पाळली तरी तनाका-सान घोरायला लागतात.

अनुराधा : चर्च बंद होतंय रे. नऊ म्हातारी माणसं उरलीत. बसतील बिचारी शांत.

जगदीश : ती दोन मिनिटं कुणी ठरवली, तेही सांग की त्याला.

अनुराधा : तुम्हीच.

जगदीश : मीच. त्या मंडळीच्या एल्डर आहेत ना, ओनो-सान, त्या बाईंनी मला लिहिलं, शेवटच्या दिवशी आमच्यासाठी काहीतरी करा. मी बसल्या बैठकीला प्रार्थना लिहिली आणि पाठवून दिली. वर लिहिलं, 'एक मिनिट पन्नास सेकंद.'

अंबरीष : त्यांनी लेखी मागितली होती?

जगदीश : छे. सवय माझी. अमेरिकेत मी आधी एका लहानशा प्रेस्बिटेरियन मंडळीचा पाळक होतो, मग चौदा वर्षं तिथल्या राज्याच्या सिनेटचा चॅप्लेन. सभागृह भरलं की पहिली प्रार्थना माझी. मजकूर गुरुवारी सचिवांकडे द्यायचा, दोन मिनिटांच्या आतला.

अंबरीष : म्हणजे देवालाही अजेंडा.

जगदीश : देवाला नाही, मला. आणि काम वाईट नव्हतं हं. एका सिनेटरचा मुलगा गेला, तेव्हा तो माणूस घरी न जाता माझ्या खोलीत येऊन बसला होता. ज्याचं बिल पडायचं तोही यायचा, ज्यानं पाडलं तोही यायचा. पण प्रार्थनेला सगळे उभे असायचे. आणि उभ्या माणसाचं सगळं लक्ष बसण्याकडे. मी 'आमेन' म्हणायच्या आत खुर्च्या वाजायच्या.

अनुराधा : तुम्ही विषय बदलताय. पप्पा, मी जपानमध्ये अकरा वर्षं नोकरी करतेय. इथं छापलेलं म्हणजे झालेलं. आदल्या दिवशी दुपारी फोन करून 'बदला' म्हणायचं नसतं.

अंबरीष : ते खरंय काका. आमच्याकडे मीटिंग पाच मिनिटं पुढं ढकलायची तर तीन ईमेल आणि सात वेळा 'सुमिमासेन', माफ करा, माफ करा.

जगदीश : तू कुणाच्या बाजूनं आलायस?

अंबरीष : मी पेटीच्या बाजूनं. काल फुनाबोरीला कराओकेची खोली घेऊन दोन तास सराव केला. घरी पेटी काढली की शेजारच्या आजी दाराला चिठ्ठी लावतात. इतकी नम्र चिठ्ठी, की शिव्या परवडल्या.

जगदीश : मग? बसली का चाल?

अंबरीष : बसली. माझे आजोबा देवळात कीर्तनाला साथ करायचे, त्यामुळे हात जातो. पण तुमच्यात कीर्तन असतं, हे मला चाळिशीत जपानमध्ये येऊन कळलं.

जगदीश : असतं म्हणजे? झांजा, पेटी, तबला, आख्यान, काय नाही? फक्त आख्यान येशूचं. माझे वडील, अण्णा, मिरजेच्या बाजूला गावोगाव कीर्तन करायचे. मारुतीच्या देवळातली मंडळी येऊन चर्चच्या अंगणात बसायची. एकदा बसली की बसली. अण्णा तेवढे उभे. पायात वाळा आल्याशिवाय... काय म्हणतात ते, गोळा आल्याशिवाय थांबायचे नाहीत.

अनुराधा : अण्णांचं नाव काढून मला पाघळवू नका.

जगदीश : पाघळवत नाही, अनू. सांगतोय. अंबरीष, अण्णा अमेरिकेला एकदाच आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. सभागृहाच्या गॅलरीत बसून त्यांनी माझी प्रार्थना ऐकली. बाहेर आल्यावर म्हणाले, "जेवायला बसवलंस आणि घास घ्यायच्या आत हात धुवायला उठवलंस रे." मग म्हणाले, "उद्या मी एक पद म्हणू का? एकच." मी म्हणालो, "अण्णा, इथं चालत नाही."

अंबरीष : नसेलच चालत.

जगदीश : कुणास ठाऊक. मी विचारलंच नाही. सचिवांची खोली समोर होती, वीस पावलांवर. चौदा वर्षांत मला कुणी गाऊ नका म्हटलं नव्हतं. मीच आधी कात्री घेऊन बसायचो. पुढच्या वर्षी अण्णा गेले.

अनुराधा : गायले होते ते.

जगदीश : कोण?

अनुराधा : अण्णा. त्याच दिवशी. तुम्ही गाडी आणायला गेलात आणि मी त्यांच्याबरोबर पायऱ्यांवर थांबले होते. थंडी मरणाची. टोपी काढून मला दिली आणि म्हणाले, "धर, पोरी, तू माझं सभागृह." आख्खं पद म्हटलं. तुमची गाडी दिसली तसे गप्प झाले.

जगदीश : हे मला आज सांगतेस?

अनुराधा : त्यांनी शपथ घातली होती. "जगूला वाईट वाटेल," म्हणाले.

जगदीश : कुठलं पद?

अनुराधा : तुम्ही आठवडाभर ज्याच्या दुसऱ्या ओळीला अडताय, तेच.
"दिवस कलला, दार लोटले, तरी तू येई घरा,
भाकर मोडिता कळले आम्हां, तूच सोबती खरा."

अंबरीष : थांबा, थांबा. 'भाकर मोडिता'वर वर जायचंय होय. मी खाली नेत होतो.

जगदीश : अनू, ओनो-सानना फोन लाव. नाही म्हणाल्या तर नाही. मी निमूट दोन मिनिटं प्रार्थना करून खाली बसेन. पण या वेळी विचारायचं. मोडक्या जपानीत मीच विचारलं असतं, पण त्या घाबरतील.

अनुराधा : काय सांगू?

जगदीश : सांग, चुकून फार थोडं पाठवलं. म्हणावं, अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघांची गोष्ट सांगणार. सगळं संपलं म्हणून दोघं घराकडे निघालेले, आणि वाटेत तिसरा येऊन मिळतो. त्यानं भाकर मोडली तेव्हा कळतं, हा तर येशूच. मधलं निरूपण तू जपानीत सांगायचं. पदं मात्र मराठीतच राहतील.

(अनुराधा खिडकीशी जाऊन जपानीत बोलते. बोलता बोलता दोनदा वाकते, मग बराच वेळ नुसतीच ऐकते.)

अंबरीष : काय झालं? रडतेस कशाला? नाही म्हणाल्या का?

अनुराधा : मी माफी मागून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्या वडिलांसाठी आम्ही पहिल्यापासून अर्धा तास धरला होता. मग त्यांचा कागद आला, दोन मिनिटांचा. आम्हाला वाटलं, प्रकृती बरी नसेल. आणखी मागणं बरं दिसलं नसतं.

जगदीश : मग?

अनुराधा : मग उरलेला वेळ दुसऱ्या कुणाला द्यायचं त्यांच्या जिवावर आलं. म्हणून खाली मूक प्रार्थना घातली. म्हणाल्या, ती अठ्ठावीस मिनिटं तुमच्या वडिलांचीच आहेत. ते नुसते समोर थांबले असते, तरी आम्ही बसलो असतो.

अंबरीष : म्हणजे तुम्ही विचारायला घाबरलात, आणि त्याही.

जगदीश : गप. पेटी काढ.

अंबरीष : इथं? शेजारी चिठ्ठी लावतील.

जगदीश : लावू देत. उत्तर मी लिहितो, लेखी मजकुराची मला सवय आहे. अनू, कपाटात अण्णांच्या झांजा आहेत. तुझ्या हातात राहू देत.

अनुराधा : मला ताल येत नाही, पप्पा.

जगदीश : पायऱ्यांवर ऐकलास ना? येईल.

अनुराधा : बरं. उद्या तुम्ही सुरू करण्याआधी सगळ्यांना उभं राहायला सांगू का? प्रार्थनेला राहतात तसं?

जगदीश : नको. बसू देत त्यांना. उभा मी राहीन.