म्हैस कुठवर आली

सिस्टर : आजी, चष्मा घाला आणि हा कागद बघा. तीन शब्द झाले. पाणी, दुखतंय, संडास.

आजी : अगदी माझं आत्मचरित्रच लिहिलंस की गं.

सिस्टर : थट्टा नको. उद्यापासून नवी बाई येणार. तिला मराठीतलं ओ की ठो कळत नाही. हा कागद मी कपाटावर चिकटवते, तुम्ही पाणी म्हणालात की ती तो बघेल. समोर तिच्या भाषेत अर्थ लिहिलाय.

आजी : आणि मी म्हटलं, काल स्वप्नात सासूबाई सायकल चालवत होत्या, तर?

सिस्टर : तर ते नका म्हणू.

आजी : म्हणजे उद्यापासून मला तहान तरी लागली पाहिजे, नाहीतर काही दुखलं तरी पाहिजे. मधलं काही चालायचं नाही.

सिस्टर : मी सुपरवायझरकडे तीनदा जाऊन आले, आजी. सांगितलं, या अख्ख्या वृद्धाश्रमात आजींचं बोलणं मला एकटीलाच कळतं. ती म्हणाली, एका पेशंटपायी एक सिस्टर अडकवता येत नाही. नव्या शाखेत माणसं कमी पडताहेत, म्हणून मला तिकडे पाठवताहेत. नाही म्हटलं तर नोकरी जाईल, आणि नोकरीबरोबर व्हिसा.

आजी : तुला कोण बोल लावतंय? पण एक सांग, इथली भाषा मला येत होती की नाही?

सिस्टर : येत होती. मी नवीन होते तेव्हा तुम्हीच माझ्या चुका काढायचात.

आजी : मुलाकडे या देशात आले तेव्हा पासष्टची होते. त्या वयात शिकले, दुकानदाराशी भांडण्याइतकी शिकले. मग हा अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि जाताना ती भाषा बरोबर घेऊन गेला. न्यायचीच होती तर माझी दाढदुखी न्यायची.

सिस्टर : शनिवारी मुलगा येईल ना तुमचा.

आजी : दर दुसऱ्या शनिवारी. दात काढायला बसल्यासारखा खुर्चीच्या टोकावर बसतो. म्हणतो, आई, इथलंच बोल, सवय राहील. आता येत नाही तर बोलू कशी? मी गप्प बसते. तो बाहेर जाऊन सांगतो, आई आज शांत होती. नातू तर लांबून हातवारे करतो. जणू मी नदीच्या पलीकडे उभी आहे.

सिस्टर : घरी न्यायचं बोलणार होतात त्यांच्याशी.

आजी : बोलले की. म्हटलं, मला आपल्या गावी नेऊन सोड. म्हणाला, तिथे आता कोण आहे, आई? म्हटलं, म्हैस आहे.

सिस्टर : ती कुठे आहे तिथे? ती तर निघालीय ना तुम्हाला न्यायला.

आजी : त्याला काय माहीत! त्याला मी गोष्ट थोडीच सांगते.

सिस्टर : कुठवर आली?

आजी : अकरा वर्षं चालतेय बिचारी. मला विमानतळावर सोडायला आलेले सगळे रिक्षा करून घरी गेले, ही एकटी विमानाखालून धावत सुटली. तीन डोंगर झाले, एक वाळवंट झालं. सरहद्दीवर शिपायाने कागदपत्रं मागितली, तर हिने त्याच्याच टेबलावरची कागदपत्रं खाल्ली. शिक्क्यासकट. साहेब उठून म्हणाला, जा बाई, तुझं सगळं बरोबर आहे.

सिस्टर : आणि परवा समुद्राशी पोचली.

आजी : तिथेच उभी आहे.

सिस्टर : मग?

आजी : हा. हा शब्द लिही.

सिस्टर : कुठला?

आजी : मग.

सिस्टर : त्याच्यापुढे अर्थ काय लिहू?

आजी : अर्थ कशाला लागतो? तिला शिकवून ठेव, म्हातारी बोलता बोलता थांबली की मग म्हणायचं. उशी बदलताना म्हणायचं, केस विंचरताना म्हणायचं. कळलं नाही तरी चालेल. मग म्हणणारं कुणी नसलं की गोष्ट घशातच राहते गं, गोळीसारखी.

सिस्टर : माझी मुलगी नाही म्हणत. फोनवर मी सांगत असते, आज असं झालं, तसं झालं. ती नुसती हं म्हणते आणि फोन माझ्या आईकडे देते.

आजी : सोडून आलीस तेव्हा केवढी होती?

सिस्टर : चार वर्षांची. आता दहा.

आजी : लिही. मोठ्या अक्षरात. पाण्याच्याही वर.

सिस्टर : लिहिलं. शिकवते त्या नव्या बाईला, आज नाव नोंदवायला आलीय, आता खालीच भेटेल. पण आजी, आज तरी सांगून टाका. म्हैस समुद्र ओलांडते की नाही?

आजी : ओलांडते तर. म्हशीला पाण्याचं काय कौतुक? शिंगं तेवढी वर ठेवून येईल डुलत डुलत. इथल्या लिफ्टमध्ये मावायची नाही, म्हणून मीच जाईन खाली.

सिस्टर : आणि मी?

आजी : तुझी ती शाखा वाटेवरच पडते. तुला उचलूनच पुढे जाऊ. तू शेपटीकडे बसायचं, पुढची जागा माझी.

सिस्टर : नक्की ना?

आजी : मी कधी खोटं बोललेय का? ऊठ आता. डोळे पूस आणि जा, गाडी चुकेल.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. कागद कपाटावर चिकटवलेला. नवी बाई आजीचे केस विंचरते आहे.)

आजी : हात हलका आहे तुझा.

नवी : मग?

आजी : अगं बाई. शिकवून गेली वाटतं.

नवी : मग?

आजी : तर म्हैस समुद्राशी उभी होती. एक पाय पाण्यात घालून बघितला तिने.

नवी : मग?

आजी : पलीकडचं काही दिसेना. हंबरून बघितलं, तर इकडे कुणाला कळेना काय म्हणतेय.

नवी : मग?

आजी : त्या पोरीला मी वेगळंच सांगितलं. म्हैस थकली होती गं. मागे फिरली.

नवी : मग?