आज त्यांना पळवू नका

—न्हाई मास्तर, आज न्हाई सोडायची मी ह्यांना. सायकल लावा भिंतीला. ह्ये आत पडल्यात. झोपल्यात? कशाची झोप हो! नुसते आढ्याकडं बघत पडल्यात. तुमचे उपकार हायेत, कोन न्हाई म्हनतंय — शाळेत घंटा देनाऱ्या शिपायाला शर्यतीत पळवून तुमी त्याचं नाव साऱ्या राहाता गावात केलं. गोरा साहेब गेला, आता आपला मानूस इलायतेत जाऊन पळंल, म्हनला हुता तुमी. मलाबी वाटलं. का न्हाई वाटनार? पर पाटाच्या कडंनं जितकं जास्त पळवता तितके ह्ये मागंच पडत्यात — खरं का न्हाई? तुमी म्हनता आळस भरलाय, सकाळ-सांज पळ. आळस? मास्तर, पाच-पाच भाकरी खायचे ह्ये, आता चतकोर जात न्हाई. सर्दी हटत न्हाई, तोंड आलंय. परवा पोरगी रडली तर तांब्या भिरकावला — ह्यांनी! कधी मोठ्यानं बोलले न्हाईत घरात. आन् सकाळी उठायच्या आदी मी छातीवर हात ठिवते... लाज वाटती सांगायला, पर ठिवते — निजल्या मानसाचं काळीज असं धडाधडा उडतं व्हय? अजून जमिनीला पाय लागला न्हाई, आन् आत पळनं चालूच!

मास्तरांना सांगा म्हनलं, तर रडाय लागले. 'काय तोंड दावू त्यांना? सारा, माजा पायच मोडला तर बरं हुईल गं.' असं म्हनले. म्हून काल मी — न्हाई, काई न्हाई. ...काई केलं न्हाई म्हनते ना! मुसळ घेतलं हुतं हातात. दुपारी, ह्ये पडले हुते तवा. वाटलं, नडगीवर एकच घालावं, घरात तरी ऱ्हातील, जित्ते ऱ्हातील. आन् बघते तर डोळे उघडे. माज्याकडंच बघत हुते, मास्तर. पाय काढून घेतला न्हाई त्यांनी — जरा फुडंच केला. मुसळ टाकलं आन् मी तितंच खाली बसले.

तुमी सांगा आता. तुमच्या तोंडानं सांगा — बास कर, जेव, नीज. माजं न्हाई, तुमचं ऐकत्यात. येता? या, या — वाकून या, दार बुटकं हाय. अवो, मास्तर आल्यात... अगं बया! अंथरून मोकळं. मागलं दार उघडं — मास्तर, त्ये बघा, बाभळीच्या पल्याड, पाटावर! तुमचा आवाज ऐकला आन् सुटले! कसे झोकांड्या खात्यात बघा — इसहाक! अवो, इसहाक! ...नाव घेऊन हाक मारली मी, जल्मात पयल्यांदा, तरी वळून बघत न्हाईत. ती गळ्यातली शिट्टी वाजवा, मास्तर! शिट्टीला थांबत्यात त्ये! वाजवा की — उभं काय ऱ्हायलात? घ्या ती सायकल आन् जावा त्यांच्या मागं — जावा म्हनते ना!