बाजाराच्या दिवशी वर्ग

झाशीच्या बसस्टँडवर मराठीत बोललं की कुणाला कळत नाही, असा त्या दोघी जावांचा समज होता. रांगेत मागे उभ्या असलेल्या नारायणरावांनी तो मोडला नाही.

“जाऊबाई, आज कर्जसंस्थेचा वर्ग बुडवून मोठ गावाला निघालात?”

“आज तिथला बाजार आहे, स्वाती. पापड काय वर्गात विकू?”

“तिसरी गैरहजेरी लागली की पुढचं कर्ज बंद, असं बजावलंय संस्थेनं.”

“बजावू दे! परदेशातून बावीस वर्षांची पोर येते, फुकट शिकवते, म्हणून आम्ही टाळ्या वाजवायच्या. गेल्या खेपेला तू नव्हतीस, काय शिकवलं ठाऊक आहे?”

“काय?”

“बाजाराच्या दिवशी धंदा बंद ठेवू नये. आम्ही चाळीस जणी धंदा बंद ठेवून ऐकत होतो!”

“तिनं स्वतः कधी काही विकलंय?”

“विचारलं ना मी. म्हणाली, अजून नाही. पण इथलं प्रमाणपत्र मिळालं की चांगली नोकरी लागेल.”

“नोकरी तिला, गैरहजेरी तुम्हाला! पण कर्ज थांबलं तर उडीदडाळ कशी भरणार?”

जाऊबाईंनी पदराची गाठ सोडून पैसे काढले. नारायणराव उगीचच खाकरले.

“कहाँ जाना है, अम्माजी?” खिडकीतून आवाज आला.

“मोठ. दो टिकट, भैया.”

“दोन कशाला? तुम्हाला बसमध्ये बसवून मी वर्गाला चाललेय!”

“तुझ्या विकायच्या बांगड्याही घे. तिनं शिकवलेलं कुणीतरी पाळायला नको?”